शिळा आकडा

ऑफिसात तिला सगळे नाहीताई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कोणी नवखा चुकून नुसतं ताई म्हणाला, तर तिला आपला मान कमी झाल्यासारखा वाटायचा. नाही म्हणणं हेच तिचं काम होतं, आणि ते ती मन लावून करायची.

कंपनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. टेबलावरच्या कॉम्प्युटरची नव्हे; वजनकाटे, तिकिटांची यंत्रं, दवाखान्यातल्या पेट्या, असल्या छोट्या यंत्रांच्या पोटात बसलेली असते ती. तिच्या दोन आवृत्त्या होत्या. एक नवी, तिच्यात हौशी मंडळींनी वाट्टेल ते प्रयोग करावेत. दुसरी स्थिर. ती लोकांच्या यंत्रांत खरोखर चालू होती, आणि दर महिन्याला तिच्यात फक्त गरजेच्या दुरुस्त्या जायच्या. ही स्थिर आवृत्ती नाहीताईच्या हाती होती. बैठकीच्या खोलीत भिंतीवर तिने जाड मार्करने स्वतः लिहून ठेवलं होतं: आज जे चालतंय ते उद्याही चालेल. या शब्दावरच लोक ती सिस्टिम विकत घ्यायचे म्हणा ना!

नियम दोनच. पहिला असा, की महिन्याची आवृत्ती बाहेर पडण्याआधीच्या बैठकीत कोणाचंही एक 'नाही' पुरे. एकाने नाही म्हटलं की गाडी थांबली. दुसरा नियम खास नाहीताईचा: तुमच्या बदलाने कोणाचं काही मोडणार असेल, तर त्या माणसाला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. ईमेल नाही, नोटीस नाही, समोर बसून तोंडाने सांगायचं. या दुसऱ्या नियमाने भल्याभल्यांची दुरुस्तीची हौस जिरली होती. खोलीत बसून बदल करायला सगळे शूर असतात. वजनकाटेवाल्याच्या दारात उभं राहून 'काका, तुमचा काटा उद्यापासून बंद' असं म्हणायची वेळ आली की बदल तितकासा गरजेचा वाटत नाही. नाहीताईला हेच हवं होतं.

तर अशा या बाईला एका दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. "तुमची सिस्टिम आहे ना या पेटीत? मागे तुमचा नंबर चिकटवलाय म्हणून फोन केला. या आणि हात लावून बघा," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

नाहीताई गेली. लसींचा छोटा फ्रिज, त्याच्या डोक्यावर पेटी, पेटीवर आकडा चार आणि शेजारी हिरवा दिवा. सगळं कसं छान. नर्सबाईंनी फ्रिज उघडला, आतली एक बाटली काढली आणि सरळ तिच्या तळहातावर ठेवली. बाटली कोमट होती.

"तुमचा दिवा म्हणतो गार, माझा हात म्हणतो गरम," नर्सबाई म्हणाल्या. "मी कोणाचं ऐकू? नशीब, टोचायच्या आधी बाटली हातात धरायची सवय आहे मला. सगळा साठा बाजूला काढलाय. पण जिथे सगळे दिव्याकडेच बघतात, तिथे काय होत असेल हो?"

नाहीताईने पेटी उलटी केली. पेटी कोणाची हे तिला आधीच कळलं होतं, कारण त्या राखाडी पत्र्याचे कोपरे घासून गोल करायची पद्धत जगात एकाच माणसाची होती. तो माणूस म्हणजे तिचा थोरला भाऊ.

दादाचं वर्कशॉप होतं, या पेट्यांचंच. पेटीतून एक वायर फ्रिजच्या आत जाते, तिच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर असतो. दादाचा प्रोग्राम सिस्टिमला विचारतो, किती? सिस्टिम सेन्सरला विचारते आणि आकडा आणून देते. इतकं साधं. आता सेन्सरच मेला तर? नाहीताईने ऑफिसात परत येऊन पार मुळापर्यंत उकरून काढलं तेव्हा दिसलं की दादाचा यात काडीचा दोष नव्हता. सेन्सर मेला की त्यांची सिस्टिम शेवटचा चांगला आकडाच पुन्हा पुन्हा देत राहायची, ताजा असल्यासारखा. फार पूर्वी कोणीतरी ती सोय केली होती, सेन्सरने क्षणभर उत्तर दिलं नाही तर यंत्र अडू नये म्हणून. क्षणभरासाठी केली खरी, पण क्षण संपल्यावर थांबायचं हे लिहायचं राहून गेलं. म्हणजे शिळा आकडा, रोज नव्याने ताटात वाढलेला!

दुरुस्ती अवघड नव्हती. सेन्सर गप्प असेल तर त्याला आणखी काही वेळा विचारायचं, आणि तरीही तो बोलला नाही तर प्रोग्रामला सरळ सांगायचं, उत्तर नाही. अडचण पुढे होती. दादाच्या प्रोग्रामने 'उत्तर नाही' हे शब्द जन्मात ऐकले नव्हते. ते ऐकले की तो बसकण मारणार, आणि प्रोग्राम बसला की पेटी कानठळ्या बसतील इतकी केकाटणार. दादाचीच काय, आणखी कितीतरी जणांची यंत्रं अशी अडणार होती. आज जे चालतंय, ते उद्या चालणार नव्हतं.

बैठकीत साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. साहेब बोलायला मोठे गोड. कोणाचं मन दुखवायचं नाही असा त्यांचा खाक्या, आणि त्यामुळे कामं दुखवली जायची.

"दुरुस्ती उत्तमच आहे," साहेब म्हणाले. "नव्या आवृत्तीत घालू. स्थिरला कशाला हात लावायचा? हे मी तुम्हाला सांगायचं का, नाहीताई? तुमचंच वाक्य आहे." आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. टेबलाभोवतीचे सगळे हसले. इतकी वर्षं ज्या बाईने त्यांच्या दुरुस्त्या हाणून पाडल्या, तिलाच आज भिंत दाखवायला मिळत होती, हसणारच.

"दवाखाने नवी आवृत्ती घेत नाहीत. त्यांच्याकडे स्थिरच असते, तुम्हाला ठाऊक आहे," नाहीताई म्हणाली.

"मग असं करू, एक बटण देऊ. ज्याला नवी वागणूक हवी त्याने ते चालू करावं. नाही केलं तर जुनं तसंच चालू. कोणाचं काही मोडणार नाही."

"जुनं तसंच चालू राहणार असेल तर ते बटण दाबणार कोण? ज्याच्या पेटीवर हिरवा दिवा आहे तो? त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

"ताई, लोकांची चालती यंत्रं बंद पडतील!"

"चालती?" नाहीताईचा आवाज चढला. "अहो, चालती कसली? फ्रिज गरम आणि दिवा हिरवा, याला तुम्ही चालणं म्हणता? मी ते वाक्य लिहिलं ते चालणाऱ्या गोष्टींसाठी. खोटं बोलणारी गोष्ट कितीही सुरळीत खोटं बोलत असली तरी ती चालत नाही. ती फक्त आवाज करत नाही."

साहेबांनी हात जोडल्यासारखं केलं. "तुमचा मुद्दा कळतो मला. पण माझं नाही. स्थिरमध्ये ही दुरुस्ती जायला माझं नाही आहे. आणि एक नाही पुरे, हाही आपलाच नियम."

सगळ्यांना वाटलं, संपलं. नाहीताईने तिच्या समोरची वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाली, "ठीक आहे. मग माझंही ऐका. या महिन्याच्या आवृत्तीला माझं नाही. ही दुरुस्ती आत नसेल तर आवृत्तीच बाहेर जाणार नाही. या महिन्याची नाही, पुढच्या महिन्याची नाही. बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या बसू देत तशाच अडून. नियमात बसतं ना? एक नाही पुरे."

"हे म्हणजे अडवणूक झाली!" साहेब पहिल्यांदा गोड बोलायचं विसरले.

"हो, अडवणूकच. इतकी वर्षं मला पगार कशाचा देत होता?"

साहेबांनी दोन दिवस तोंड फिरवलं, वरच्या लोकांशी बोलून पाहिलं, आणि शेवटी आपलं नाही मागे घेतलं. पण जाता जाता एक टोला हाणलाच. "दुसरा नियमही लक्षात आहे ना? ज्याचं मोडणार त्याला स्वतः सांगायचं. तुमच्या बंधूंपासून सुरुवात करा."

टोला बरोबर बसला. बाकीच्यांना सांगायला ती तयारच होती. पण दादा! दादाने ही सिस्टिम घेतली होती तीच मुळी तिच्या शब्दावर. 'धाकटीने सांगितलंय मोडणार नाही, म्हणजे मोडणार नाही,' असं तो गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगायचा. नुकतंच एका मोठ्या हॉस्पिटलशी त्याचं बोलणं पक्कं होत आलं होतं. ऐन वेळी पेट्या बोंबलायला लागल्या तर ते लोक त्याला दारात उभं करणार नव्हते, आणि मग वर्कशॉप चालवायचं कशावर?

सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे जेवायला गेली. आई दादाकडेच असायची. घरात शिरते तोच भांडण कानावर आलं.

"मी खाल्लं नाही म्हणजे नाही!" आई ओरडत होती.

"मग साखर एवढी वाढली कशी? आकाशातून पडली?" वहिनीने रिपोर्ट नाहीताईपुढे धरला. "बघा तुम्हीच, वन्सं. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं, तरी साखर चढतेच आहे. चोरून गोड खातात, दुसरं काय?"

आईची साखर हा गेले काही महिने घरातला चघळायचा विषय झाला होता. तशी आई पूर्वीची गोडघाशी, तेव्हा तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? कपाटात बिस्किटांचा डबा होता, तो मोजून ठेवला जायचा. पाहुण्यांसमोर तिची थट्टा व्हायची. आईच्या पायांची आग व्हायची, बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन येऊन ती पार बधिर झाली होती, पण इंजेक्शन ती स्वतःच घ्यायची. 'माझी सुई मीच टोचणार' हा तिचा हट्ट होता, आणि त्या घरात तिचा एवढाच हट्ट चालायचा.

"आई, खरं सांग," नाहीताई म्हणाली. "खाल्लं असशील तर सांगून टाक. आम्ही काय फाशी देणार आहोत का?"

"तूसुद्धा?" आईने तिच्याकडे असं पाहिलं की नाहीताईने नजर चुकवली. मग उठून बिस्किटांचा डबा तिने स्वतःच्या पिशवीत टाकला. न रहे बांस, न बजे बांसुरी, असलं काही ती बोलली नाही, पण चेहरा तसाच होता. आई तरातरा आपल्या खोलीत निघून गेली.

जेवण झाल्यावर नाहीताईने दादाला सगळं सांगितलं. समोर बसून, तोंडाने.

दादा आधी हसला. थट्टा नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो असा भडकला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"तू? तू माझ्या पेट्या बंद पाडणार? बाहेरच्याने केलं असतं तर समजलो असतो. सख्खी बहीण आहेस ना गं?"

"म्हणून तर आधी तुला सांगायला आले."

"मोठे उपकार केलेस! अगं, वायरला धक्का लागतो, दार जोरात आपटतं, सेन्सर एखाद्या वेळी चुकतो. चांगले धडधाकट फ्रिज बोंबलायला लागतील!"

"तेवढ्याची सोय केलीय. सेन्सर क्षणभर चुकला तर सिस्टिम त्याला पुन्हा विचारेल. तरीही नाही बोलला तरच सांगेल. तुझ्या प्रोग्रामला ते ऐकायला शिकव, मी बसते तुझ्याबरोबर. आज बसू, उद्या बसू, रजा काढून बसते. पण दुरुस्ती थांबणार नाही."

"आणि हॉस्पिटलवाले? त्यांना काय सांगू?"

"सांग की आमची पेटी खरं बोलते."

"पुस्तकातली वाक्यं मला ऐकवू नकोस!" दादा तिचा हात धरून तिला आईच्या खोलीत घेऊन गेला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी औषधांचा छोटा फ्रिज होता, त्याचा पंखा घुर्र करत होता, आणि त्यावर होती दादाने बनवलेली पहिलीवहिली पेटी. आईच्या इन्सुलिनसाठी बनवलेली. तिच्यावरूनच पुढे सगळा धंदा उभा राहिला होता. "ही बघ. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी ही दाखवतो. चार म्हणजे चार. कधी साडेचार नाही की पाच नाही. हिच्यात काय खोट काढतेस, काढ!"

नाहीताईने पाहिलं. आकडा चार, दिवा हिरवा. भांडणाने तिचं डोकं तापलं होतं, दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या आकड्याकडे बघून तिला एवढंच वाटलं, खरंच, किती इमानी पेटी आहे ही.

"दुरुस्ती जाणार, दादा," ती म्हणाली.

"मग या घरात पाऊल टाकू नकोस."

"बरं," म्हणून ती निघाली. रस्ताभर रडली, पण मागे फिरली नाही.

आवृत्ती ठरल्या दिवशी सकाळी बाहेर पडली. पेट्या ती नेटवरून आपल्याआपण ओढून घ्यायच्या. नाहीताई सकाळपासून फोन समोर ठेवून बसली होती. शिव्या येणार हे धरूनच. पहिला फोन तिकिटवाल्यांचा, दुसरा कोणत्या तरी डेअरीचा, मग रांगच लागली. काहींची यंत्रं वायर ढिली म्हणून अडली होती, काहींची सेन्सर कुजला म्हणून. नर्सबाईंचाही आला. "शेजारच्या दवाखान्यातली पेटी कोकलतेय. फ्रिज उघडला तर आतलं सगळं गरम. बरं झालं, वाजली एकदाची."

मग दादाचा फोन आला. तिने तो उचलला आणि डोळे मिटून घेतले. पण दादा ओरडत नव्हता. मागे पेटी मात्र जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"घरी ये," दादा म्हणाला. "आत्ता."

ती गेली. आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होता. शेजारी दारात उभे होते. आईच्या खोलीत फ्रिज सताड उघडा होता, पंखा आपला घुर्र करत फिरत होता, आणि दादा फ्रिजसमोर जमिनीवर बसला होता. त्याच्या हातात इन्सुलिनची बाटली होती. त्याने ती नाहीताईच्या तळहातावर ठेवली.

पुन्हा तेच. खोलीइतकीच कोमट.

"सेन्सर कधीचा मेलाय," दादा म्हणाला. "वायर आत पार सडलीय. फ्रिजही मेलाय, नुसता पंखा फिरतोय. आई बाटली काढायची, पण तिच्या बोटांना कळतच नाही गं काही. आणि आम्ही... आम्ही दिवा बघायचो."

चार म्हणजे चार. जिवंत फ्रिजचा आकडा असा एका जागी बसतो कधी? दार उघडलं की तो हलतो, बंद केलं की हलतो. जगात ही गोष्ट कोणाला कळायला हवी होती, तर ती नाहीताईला. त्या दिवशी ती इथेच, या पेटीसमोर उभी राहून शिळ्या आकड्यावरून भांडली होती, आणि तोच आकडा बघून निघून गेली होती. वर बिस्किटांचा डबा पिशवीत घालून नेला होता! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"नवीन बाटली आणायला गेलीय ही," दादा म्हणाला.

"आणू दे, पण आधी डॉक्टरांना फोन लाव. त्यांनी डोस वाढवलाय तो या मेलेल्या औषधाच्या हिशोबाने. चांगलं औषध तेवढं टोचलं तर भलतंच होईल." दादाने मान हलवली आणि फोन शोधायला लागला.

आई पलंगावर ताठ बसली होती. केस विंचरलेले, पदर नीट, हात मांडीवर. इतक्या महिन्यांत ती अशी बसलेली कोणी पाहिली नव्हती.

नाहीताई तिच्या पायाशी बसली. "आई, चुकलं माझं."

"मी काय म्हणत होते?" आई म्हणाली. "नाही म्हणत होते. रोज म्हणत होते. तुझ्या ऑफिसात म्हणे कोणी एकदा नाही म्हटलं की सगळं थांबतं. मोठ्या तोऱ्यात सांगायचीस. आणि माझं नाही? ते कोणाच्या खिजगणतीत होतं का?"

नाहीताईने आईचे बधिर हात आपल्या हातात घेतले आणि नुसती धरून बसली. पेटी केकाटतच होती. दादाने एका कानाला फोन लावला होता, दुसऱ्यावर तळहात दाबला होता. डॉक्टरांचं बोलणं त्याला ऐकू येईना, म्हणून तो पेटीचा प्लग काढायला वाकला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "फोन बाहेर जाऊन कर. ती वाजू दे जरा. इतके महिने मी एकटीच ओरडत होते."